डावा खांदा अर्धा इंच खाली

माझ्या खोलीत कॉम्प्युटर चार आणि कीबोर्ड एकच. माऊसही एकच. नवीन माणूस खोलीत आला की आधी चार पडदे मोजतो, मग माझ्या दोन हातांकडे बघतो आणि विचारतो, "बाकीचे कीबोर्ड कुठे गेले?" मी म्हणते, "पळून गेले. माझा स्वभाव सोसला नाही त्यांना."

मी पॅटर्न बनवते. म्हणजे कपडा शिवायच्या आधी जे आकार लागतात, पाठ, पुढा, बाही, गळा, ते काढते. त्या आकारांवर कापड कापतात. आकारच चुकला तर बाहेरच्या हॉलमध्ये मशीनवर बसलेल्या पन्नास बायकांनी कितीही सुबक शिवलं तरी कपडा अंगावर बोंबलतोच. सव्वीस वर्षं झाली मला या खोलीत. मला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. माझ्यामागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे नको.

तर चार कॉम्प्युटर. पहिला म्हातारा, त्याला आम्ही आजोबा म्हणतो. माझं सगळं जुनं काम त्याच्या पोटात, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये ते काम केलं तो दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नाही. बंद केला तर पुन्हा उठेल याची खात्री नाही, म्हणून त्याला कधी बंदच करत नाही. त्याच्या शेजारी सूनबाई. नवी, चकाचक, आणि जरा काही मनाविरुद्ध झालं की रुसून बसणारी. तिसरा हमाल. त्याला तो मोठा प्रिंटर जोडलाय, टेबलाएवढ्या रुंद कागदावर पॅटर्न छापणारा. आणि चौथा माझ्या भाचीचा. त्याला भिंतीवरचा मोठा पडदा जोडलेला आहे, कोणाला काही दाखवायचं असलं की तिथे दाखवतो.

पूर्वी प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा होता, माऊस वेगळा. काय तो तमाशा असायचा! आजोबांचा समजून सूनबाईचा माऊस ओढायचा आणि वर ओरडायचं, "हे मेलं हलत का नाही?" एकदा मी तासभर मान खाली घालून टाइप केलं ते सगळं हमालाकडे गेलं, आणि त्याने ते इमानेइतबारे तीन हात कागदावर छापून दिलं. भाची हसून हसून जमिनीवर बसली होती. त्यातच माझ्या हातांना मुंग्या यायला लागल्या. थरथर नाही हं, मुंग्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. आक्का सहा वर्षांपूर्वी गेली. भाऊजी त्याच्याही कितीतरी आधी गेले होते. मला स्वतःचं मूलबाळ नाही, त्यामुळे पोरगी माझ्याकडे आली आणि माझीच झाली. दोन खोल्यांचं घर, एक कपाट तिचं, एक माझं. कामावरही मीच आणली तिला. पेन्सिल कशी धरायची इथपासून शिकवलं. पहिल्या दिवशी पहिला नियम सांगितला, "या खोलीतून पॅटर्न बाहेर न्यायचा नाही. मालकांनी मागितला तरी नाही. मी स्वतः नेताना दिसले तर मलाही अडवायचं." ती म्हणाली, "तुला कोण अडवणार गं मावशी?" मी म्हटलं, "तू."

हुशार आहे पोरगी. चालणं वाऱ्यासारखं, बोट ठेवाल तिथे हजर. माझ्या हातांचं तिने बघितलं आणि एका दुपारी मला खुर्चीतून उठवलं, तासभर टेबलाखाली शिरून बसली, आणि मग म्हणाली, "ये आता. हा माऊस धर. आजोबांच्या पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत ने. अजून ने. थांबू नकोस."

मी नेला, आणि बाण गायब झाला. आणि ही खिदळतेय. बघते तर बाण सूनबाईच्या पडद्यावर डावीकडून आत येऊन उभा! आणखी उजवीकडे नेला तर हमालाकडे, त्याच्याही पुढे नेला तर हिच्याकडे. जणू चार खोल्यांना मधली दारं काढून दिली होती. बाण ज्या पडद्यावर, कीबोर्ड त्याचा. आणि त्यावर कडी म्हणजे एका मशीनवर कॉपी करायचं आणि दुसऱ्यावर पेस्ट करायचं. "चौघांची झोळी एकच केलीय," ती म्हणाली. "शेवटचं जे कॉपी करशील ते झोळीत राहतं. मग कुठेही जाऊन काढ."

"आणि तुझा कीबोर्ड?"

"मला कशाला? माझ्या टेबलावर नमुन्यांचे ढीग पडलेले असतात. तू उठलीस की मी तुझ्या खुर्चीत बसेन." आणि तिने आपला कीबोर्ड खरंच कपाटात टाकून दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी. आपल्या हाताला कोणी हात दिला की माणूस वेडं होतं. मी चार लोकांना बोलावून बोलावून दाखवलं, माझ्या भाचीने केलं म्हणून.

आता जाकिटाचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

वय झालं की कित्येक बायकांची पाठ वाकते. तयार कपडा सरळ पाठीसाठी कापलेला असतो. तो अशा बाईच्या अंगावर मागून वर चढतो, पुढून खाली लोंबतो आणि कॉलर मानेत रुततो. बाई दिवसभर मागचा काठ खाली ओढत बसते. आक्का बसायची. मी एवढी मोठी पॅटर्नवाली, आणि माझ्याच बहिणीला धड बसेल असा एक कपडा नाही! एका दुपारी तिला घरी उभी केली आणि मापं घेतली. पोरगी तेव्हा सतरा वर्षांची होती, पलंगावर बसून बघत होती. आक्काचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. मी विचारलं, "हे कधीपासून गं?" आक्काने आधी पोरीकडे बघितलं. पोरगी चहा ठेवायला आत गेली तेव्हा हळूच कारण सांगितलं, आणि वर म्हणाली, "तिला कधी सांगू नकोस. शब्द दे." मी दिला.

मापाबरोबर कारण लिहून ठेवायची मला सवय आहे. पुठ्ठ्यावर तो पाठीचा आकार कापला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं. तो पुठ्ठा माझ्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेला असतो, लिहिलेली बाजू भिंतीकडे. कोणाचा हात लागलेला मला चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

अकरा वर्षं मी त्या पाठीवर काम केलं. हॉलमधल्या बायकांच्या आया, सासवा, शेजारणी, सगळ्यांना घालून बघितलं. आणि एक गोष्ट कळली. वाकलेली पाठ सहसा सारखी वाकत नाही. एक खांदा खाली जातोच. आयुष्यभर ज्या बाजूला ओझं, तो खांदा. म्हणून मी आक्काचा खांदा जसाच्या तसा ठेवला आणि जाकीट दोन प्रकारचं केलं, एक डाव्या खांद्याचं, एक उजव्याचं. आक्का त्याआधीच गेली. तिला ते मिळालं नाही. पण मालकांनी जाकीट एका म्हातारीच्या अंगावर बघितलं, खांद्यांचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता, तरी पटलं, आणि त्यासाठी वेगळा विभाग काढायचं त्यांनी ठरवलं. तो विभाग कोण सांभाळणार, हे कोणी विचारतसुद्धा नव्हतं. अख्ख्या हॉलने मला आधीच मास्तरीणबाईवरून मोठ्या मास्तरीणबाई करून टाकलं होतं. मला हवंच होतं ते. खोटं कशाला बोलू? आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला मनापासून हवी होती.

गुरुवारी चार वाजता मालक येऊन बघणार आणि जाहीर करणार असं ठरलं.

गुरुवारी सकाळी मी हातांच्या व्यायामाला गेले होते. आठवड्यातून तीनदा जाते, तासाभराचं काम. परत येऊन खुर्चीत बसले तर खुर्ची खाली केलेली. म्हणजे पोरगी बसली होती. तिचे पाय लांब, पण तिला खुर्ची खालीच लागते. मी ती वर केली आणि कामाला लागले. आजोबांकडचा मापांचा तक्ता सूनबाईकडे न्यायचा होता. तक्ता निवडला, कॉपीचं बटण दाबलं, बाण उजवीकडे नेला, पाठीच्या लांबीच्या रकान्यात ठेवला आणि पेस्ट केलं.

रकान्यात पत्र आलं.

आधी मला कळेचना. माझ्या करंगळीत जोर नव्हता, त्यामुळे कॉपी झालंच नव्हतं, आणि झोळीत जे आधीचं होतं ते बाहेर आलं होतं. इतकं साधं. कोणाचं तरी काहीतरी असेल म्हणून मी पुसायला गेले आणि पहिलीच ओळ डोळ्यांत शिरली. आदरणीय सर.

"आदरणीय सर, हे बोलून दाखवणं मला अवघड आहे, म्हणून लिहिते. मास्तरीणबाईंचे हात गेलं वर्षभर थरथरतात. त्यांच्या कामातल्या चुका मीच दुरुस्त करते. जाकिटाचं काम गेली दोन वर्षं प्रत्यक्षात मीच उभं केलं आहे. त्या माझ्या मावशी असल्यामुळे मी आजवर गप्प राहिले. नवा विभाग त्यांना झेपणार नाही. तो माझ्याकडे द्यावा आणि त्यांना एखादं हलकं काम द्यावं, अशी विनंती. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे आणि त्यांचीही तीच इच्छा आहे."

थरथरतात म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि लगेच विझलीसुद्धा, कारण शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. कधी झालं? जेवताना? पांघरुणांच्या घड्या घालताना? काल संध्याकाळी तिने माझ्या मनगटाला मलम चोळून दिलं होतं, तेव्हा? माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच कीबोर्डवर, माझ्या हातांसाठी केलेल्या सोयीतून तिने हे लिहिलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापताना कळतसुद्धा नाही.

मी ते पत्र रकान्यातून पुसलं. परत आजोबांकडे गेले, तक्ता निवडला, या वेळी दोन बोटांनी बटण दाबलं आणि तक्ता आणून जागेवर ठेवला. आता झोळीत फक्त मापं होती. मला वाटलं, ती सांगेल. अजून पाच तास होते. ती येईल आणि म्हणेल, मावशी, माझ्या हातून एक मूर्खपणा झालाय. मग मी तिला दोन शिव्या हासडेन, आणि आम्ही दोघी मिळून मालकांना तोंड देऊ. मला खरंच असं वाटत होतं. आपलं माणूस असलं की आपणच त्याची वकिली करत सुटतो.

ती अकरा वाजता चहा घेऊन आली. "हात कसा आहे गं?"

"बरा आहे. तुला कसा वाटतो?"

"मला काय वाटायचंय?" ती हसली. "जास्त ताण देऊ नकोस आज."

"आज मालक येतायत. तुला काही बोलायचंय का माझ्याशी, त्याआधी?"

"नाही गं. सगळं तयार आहे."

जेवायच्या सुट्टीत आम्ही एकाच डब्यातून खाल्लं. मी म्हटलं, "विभाग मिळाला की तुला बरोबर घेईन हं. एकटीला नाही जमायचं मला." हे मी मुद्दाम म्हटलं. तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं मी, आत यायचं तेवढंच बाकी होतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बघू, सर काय म्हणतात ते."

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. मलाही थोडा मान आहे.

चार वाजता मालक आले. चांगला माणूस आहे, उगाच कशाला नावं ठेवू. कोणाचं वाईट बोलायची वेळ आली की चष्मा पुसत बसतात, तसे ते आल्याबरोबर चष्मा पुसायला लागले. तेव्हाच मला कळलं की पत्र पोचलंय.

भाची भिंतीवरच्या पडद्यापाशी उभी राहिली, हातात मापाची टेप. मी माझ्या खुर्चीत, कीबोर्ड माझ्यासमोर. पडद्यावर पाठ उभी होती, माणसाच्या पाठीच्या दुप्पट मोठी. ती सांगायला लागली. मी इथे वळण वाढवलं, मी बाहीचा मुंढा खोल केला, मी कॉलर मागे सरकवला. मी, मी, मी. एकेक वळण मी तिला हात धरून शिकवलं होतं, आणि ती ते न अडखळता म्हणून दाखवत होती. इतकं छान सांगत होती की दुसरं काही नसतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मालकांनी चष्मा चढवला आणि पडद्याजवळ गेले. "हा डावा खांदा खाली कसा काय? उजव्याशी जुळत नाही."

"जुन्या फाईलमधून आलेली चूक आहे, सर," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, रोज म्हणते तशीच, गोड आवाजात, "मावशी, तेवढा खांदा सरळ कर ना."

बरोबरच होतं तिचं. माऊस एकच, आणि तो माझ्याकडे. तिच्या मशीनवरची रेघ हलवायची तर माझ्याच हाताने हलणार होती.

बाण सूनबाईपाशी होता. मी तो उजवीकडे ओढला, हमालाकडून नेला आणि तिच्या पडद्यावर आणला. भिंतीवर सगळ्यांना तो डाव्या कडेतून आत येताना दिसला. नेऊन बरोबर खांद्याच्या टोकावर ठेवला. आणि थांबवला. मालक बघत होते, मीही बघत होते. बाण केसभरसुद्धा हलत नव्हता. दुप्पट मोठ्या पडद्यावर थरथर लपत नाही, असती तर दिसली असती.

"ही चूक नाही," मी म्हटलं. "हा तुझ्या आईचा खांदा आहे."

मला वाटलं होतं ती दचकेल. तिला माहीत नसेल, विसरली असेल, या एकाच आशेवर मी बोलले होते. ती टेप गुंडाळत म्हणाली, "माहीत आहे मला. तू मापं घेत होतीस तेव्हा मी तिथेच नव्हते का? पण मावशी, असा वाकडा खांदा घेऊन दोन दोन प्रकार काढत बसायचे का आपण? सरळ केला की एकाच पॅटर्नमध्ये काम होतं. आई काय, आईवर प्रेम आहेच की. पण हे काम आहे."

माहीत आहे मला, म्हणे! पत्राने मला एवढं लागलं नव्हतं.

मालक खाकरले. "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती तरुण आहे, तिच्याकडे दिलं की तुम्हालाही आराम. आणि तुमचीच तशी इच्छा आहे, असं तिने..."

"वाचलंय मी ते पत्र," मी म्हटलं.

पोरीच्या हातातली टेप सुटली. "कुठे वाचलंस?"

"चौघांची झोळी एकच, तूच केलीस ना? सकाळी त्यातून आदरणीय सर निघाले."

ती पांढरी पडली. मालकांनी चष्मा पुन्हा काढला. पोरीने वाकून टेप उचलली. मग तिने मान वर केली. "मावशी, मी खोटं काय लिहिलं? तुझ्या हातांना त्रास होतो की नाही? चुका मी काढते की नाही? तू स्वतःहून कधी बाजूला झालीच नसतीस. मी किती वर्षं तुझ्या खुर्चीची वाट बघायची?"

"मागायची होतीस. दिली असती."

"नसती दिलीस," ती म्हणाली. आणि तिचं अगदीच चूक नव्हतं, हेही इथे सांगून टाकते.

मी कीबोर्ड उचलला, माऊस उचलला, वायर ओढत नेऊन दोन्ही तिच्या टेबलावर ठेवले. नमुन्यांचा ढीग हाताने बाजूला सारला. "घे. सरळ कर तुझ्या हाताने."

ती उभीच होती. मालकांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. मग वाकली, माऊस धरला, आणि दोन क्लिकमध्ये खांदा वर आला. अकरा वर्षं तो खांदा मी सांभाळला होता. वर जायला त्याला एवढासा वेळ लागला.

आता तिथे माझं काही नव्हतं. मी टेबलामागच्या खिळ्यावरून पुठ्ठा काढला, काखेत घातला आणि दाराकडे निघाले. तो तरी माझा होता. आक्काची तेवढीच पाठ माझ्याकडे उरली होती.

"मावशी," ती मागून म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली. "पॅटर्न या खोलीतून बाहेर न्यायचा नाही."

मी थांबले. नियम माझाच होता, आणि मलाही अडवायचं हेही मीच शिकवलं होतं. मालक म्हणाले, "अगं, जाऊ दे ना," पण ती हलली नाही.

आणि तेव्हा माझ्यात काय शिरलं कोण जाणे. राग म्हणा, दुष्टपणा म्हणा. तिला एवढंच माहीत होतं की लहानपणी ती थोडी उशिरा चालायला लागली. किती उशिरा, हे आक्काने कधी कळू दिलं नव्हतं आणि आक्का गेल्यावर मीही नाही. वाऱ्यासारखं चालणाऱ्या पोरीला कशाला सांगायचं? जन्मभर आईकडे अपराधी नजरेने बघेल, आक्का म्हणाली होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "हा तुझ्या खोलीतला पॅटर्न आहे. तुझ्याकडेच राहू दे." मी परत गेले आणि पुठ्ठा उलटा करून तिच्यासमोर, कीबोर्डवर ठेवला. पेन्सिलीची बाजू वर.

त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, "आक्का. डावा खांदा अर्धा इंच खाली. पोरगी चार वर्षांची होईपर्यंत चालत नव्हती. उजव्या हातात लोकांच्या कपड्यांची इस्त्री, म्हणून पोरगी कायम डाव्या कडेवर. पोरीला सांगायचं नाही."

तिने वाचायला सुरुवात केली तेव्हा मला बरं वाटलं. हे मी कबूल करते. अगदी मनापासून बरं वाटलं, दारापर्यंत जाईपर्यंत.

दारातून एकदा मागे बघितलं. चारच ओळी होत्या, आणि तिचं वाचून होत नव्हतं. तिचा डावा हात पुठ्ठ्यावर होता, उजवा माऊसवर तसाच राहिला होता, आणि भिंतीवर खांदा सरळ होता. मालक चष्मा पुसत होते. तिने मला हाक मारली नाही, आणि मारली असती तर मी थांबले असते की नाही, मला सांगता येत नाही.

हॉलमधून जाताना बायकांनी विचारलं, "काय हो मास्तरीणबाई, झालं का जाहीर?" मी म्हटलं, "झालं." आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात पाय थांबले, कारण तेव्हा मला कळलं. पोरीने मला फसवलं होतं, ते मी अजून पुढे कितीतरी दिवस मोजत बसणार होते. पण आक्काला आज आम्ही दोघींनी फसवलं होतं. तिने खांदा पुसला, आणि मी दिलेला शब्द.